कुन-वू पैक : दुभंगलेल्या देशाचा पियानोवादक

इ. स. १९०० सालच्या वसंतांत कोरिया देशाच्या दक्षिण भागांत, देगू शहराजवळील सामुनजिन नांवाच्या उतारावर, नाकडोंग नदीच्या मार्गानें आलेली एक प्रचंड लांकडी पेटी होडींतून खालीं उतरविण्यांत आली. ती एका अमेरिकन मिशनरी दांपत्याची होती. हमालांनीं ती खांद्यावर घेतली आणि शहराची वाट धरली. लांकडाच्या पेटींतून असा नाद निघतो हें पाहून लोक चकित झाले, आणि त्यांनीं तिला ‘भुताची पेटी’ असें नांव दिलें, असें सांगतात. कोरियाच्या भूमीवर आलेला पहिला पियानो तो हाच, अशी तेथील लोकांची समजूत आहे.

या गोष्टीस आतां सव्वाशें वर्षें होत आलीं. मध्यंतरीं त्याच देशांतील तरुण मुलें वॉर्सा, मॉस्को, फोर्ट वर्थ येथील जगन्मान्य स्पर्धांतून वरच्या क्रमांकाचीं पारितोषिकें घेऊन घरीं परतूं लागलीं. या स्थित्यंतराचें कौतुक सर्वत्र होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु पारितोषिकांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. झाडास फळें लागलेलीं दिसतात, तेव्हां तें झाड कोणत्या मातींत रुजलें आणि कोणत्या वादळांतून वांचलें याचा शोध घेणें अधिक बोधप्रद असतें. त्या हेतूनें आम्हीं आज ज्यांचे चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, ते कुन-वू पैक हे या परंपरेच्या आरंभींच्या पिढींतले पियानोवादक होत. कोरियन लोक आडनांव आधीं लावतात. तेथें त्यांस पैक कुन-वू असें म्हणतात.

पैक यांचा जन्म १० मे १९४६ रोजीं सिओल येथें झाला. ३५ वर्षांची जपानी सत्ता १९४५ सालीं संपली होती. पण स्वातंत्र्याचा आनंद पुरता भोगण्यापूर्वींच ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे पडले. मूल चार वर्षांचें झालें नाहीं तों, जून १९५० मध्यें, युद्ध पेटलें. एका वर्षाच्या आंत सिओल शहर चार वेळां या हातांतून त्या हातांत गेलें. जुलै १९५३ मध्यें शस्त्रसंधि झाली. तह मात्र झाला नाहीं. भाऊ एका बाजूस आणि बहीण दुसऱ्या बाजूस, अशीं लक्षावधि कुटुंबें कायमचीं तुटलीं. अशा शहरांत, युद्ध थांबून तीन वर्षें झालीं असतां, दहा वर्षांचा पैक राष्ट्रीय वाद्यवृंदासह नॉर्वेजियन संगीतकार ग्रीग याचा कन्चेर्तो वाजवावयास बसला. एकट्या वाद्यानें वाद्यवृंदाशीं संवाद करावयाचा, अशी ती दीर्घ रचना. पुढील वर्षांत मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराची चित्रप्रदर्शनावरील प्रसिद्ध रचनाही कोरियांत प्रथम त्यानेंच वाजविली.

या ठिकाणीं पैक यांच्या आधींच्या एका मुलाची आठवण केल्याविना पुढें जातां येत नाहीं. हान तोंग-इल याचा जन्म १९४१ सालीं, आतां उत्तर कोरियांत असलेल्या हामहुंग शहरीं झाला. तो दक्षिणेस आला, आणि युद्धाच्या दिवसांत अमेरिकन विमानदलाच्या सैनिकांपुढें पियानो वाजवूं लागला. त्याचें वादन ऐकून त्या दलाच्या एका सेनापतीनें पुढाकार घेतला, व १९५४ मध्यें हा मुलगा शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला. १९६५ सालीं त्यानें न्यूयॉर्क येथील लेव्हेंट्रिट स्पर्धा जिंकली. २०२४ सालीं ते निवर्तले. त्या काळीं कोरियन मुलास पियानो शिकावयाचा तर वाट कशी होती, हें या एका गोष्टीवरून दिसतें: घर सोडावयाचें, भाषा सोडावयाची, आणि परक्यांच्या दयेवर समुद्र ओलांडावयाचा.

तीच वाट पैक यांनीं १९६१ सालीं धरली. वय वर्षें १५. न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड विद्यालयांत त्यांस रोझिना लेव्हिन या गुरु लाभल्या. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचें सुवर्णपदक १८९८ सालीं मिळविलेली ही विदुषी. १९५८ सालीं मॉस्कोची पहिली चायकॉव्हस्की स्पर्धा जिंकणारा अमेरिकन तरुण व्हॅन क्लायबर्न हा तिचाच शिष्य. म्हणजे सिओलच्या मुलानें न्यूयॉर्कांत बसून रशियाची विद्या घेतली. पुढें लंडनमध्यें इलोना काबोस, आणि इटलींत ग्विदो अगोस्ति व विल्हेल्म केम्फ, यांच्यापाशींही ते शिकले. १९७१ सालीं त्यांस नाउम्बर्ग पारितोषिक मिळालें, आणि १९७४ पासून त्यांनीं पॅरिस हें आपलें घर केलें.

येथपर्यंतची हकीकत दुसऱ्या कोणत्याही हुशार वादकाच्या चरित्रांत शोभण्यासारखी आहे. पैक यांचें वेगळेपण याच्या पुढें दिसूं लागतें. बक्षीस हातीं आल्यावर लोकप्रिय अशा दहा-बारा रचना घोटून गांवोगांव फिरावें, ही रूढ रीत. पैक यांनीं एका वेळीं एक संगीतकार घ्यावयाचा आणि त्याच्या सगळ्या कृतींतून त्याचें मन ओळखावयाचें, असा क्रम धरला. प्रथम त्यांनीं रावेल या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोवरील सर्व एकल रचना न्यूयॉर्क, लंडन व पॅरिस येथें ऐकविल्या. पुढें प्रोकोफिएव्हचे पांचही कन्चेर्तो त्यांनीं पोलंडांतील वाद्यवृंदासह, आंतोनि व्हिट यांच्या संचालनाखालीं ध्वनिमुद्रित केले. त्या मुद्रिकांस फ्रान्समध्यें ‘दियापासों दोर’ हा मान मिळाला. मागाहून बाख, फोरे, शोपां, बेटहोव्हन, ब्राम्स अशा एकामागून एक प्रदक्षिणा चालूच राहिल्या.

ही रीत कां महत्त्वाची, हें समजण्यास वाद्याचा स्वभाव थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. आमच्या घरोघरीं असलेल्या बाजाच्या पेटीशीं पियानोचें साम्य पट्ट्यांपुरतेंच आहे. पेटींत भाता हलत आहे तोंवर स्वर टिकतो. पियानोंत ८८ पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीमागें नमद्यानें मढविलेला एक लहानसा हातोडा. पट्टी दाबतांच तो तारेवर आघात करतो आणि मागें फिरतो. आणि त्या क्षणापासून स्वर विरूं लागतो. एकदां उमटलेला स्वर फुगवितां येत नाहीं, कीं त्यास मींड देतां येत नाहीं. अशा वाद्याकडून गाणें गाववून घ्यावयाचें म्हणजे, विरत चाललेल्या एका स्वराच्या वजनाशीं पुढच्या स्वराचें वजन अचूक जुळवावयाचें. ही जुळणी बोटांच्या चपळाईनें साधत नाहीं. रचनाकाराच्या मनांत काय होतें याचा अंदाज ज्यास आला, त्याचाच हात तेथें योग्य वजनानें पडतो. आणि तो अंदाज येण्यास वर्षें लागतात.

परंतु कलावंत कितीही एकांतांत राहूं म्हणाला, तरी दुभंगलेला देश त्यास एकटें राहूं देत नाहीं. याची साक्ष पैक यांच्या आयुष्यांत दोन ठिकाणीं मिळते, आणि पहिलीचा आरंभ दुसऱ्याच एका संगीतकाराच्या दुर्दैवांत आहे. यून इसांग हे जर्मनींत राहणारे थोर कोरियन रचनाकार. १९६३ सालीं ते उत्तर कोरियास जाऊन आले होते. जून १९६७ मध्यें दक्षिण कोरियाच्या गुप्त पोलिसांनीं त्यांस बर्लिनमधून उचलून सिओलला नेलें, आणि हेरगिरीच्या आरोपावरून तुरुंगांत टाकलें. तुरुंगांतही त्यांनीं एक संगीतिका लिहिली. स्ट्राव्हिन्स्की, कारायान यांसारख्या सुमारें दोनशें कलावंतांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली, तेव्हां कोठें १९६९ सालीं त्यांची सुटका झाली. १९७२ च्या ऑलिंपिक उत्सवानिमित्त म्यूनिक येथें त्यांची ‘सिम त्यॉंग’ ही संगीतिका प्रथम सादर झाली. आंधळ्या बापास दृष्टि यावी म्हणून समुद्रांत उडी घेणाऱ्या मुलीची ती कोरियन लोककथा आहे. त्या प्रसंगीं पैक तेथें आले होते, आणि कोरियन चित्रपटांतील सुप्रसिद्ध अभिनेत्री यून जंग-ही याही आल्या होत्या. दोघांची ही पहिली भेट. पुढें त्या शिक्षणासाठीं पॅरिसला आल्या असतां ओळख वाढली, आणि १९७६ सालीं तेथेंच त्यांचा विवाह झाला.

दुसरी साक्ष लगेच पुढच्या वर्षाची. जुलै १९७७ मध्यें एका परिचिताच्या मध्यस्थीनें पैक यांस युगोस्लाव्हियांतील झाग्रेब शहरीं एका धनिकापुढें वाजविण्याचें निमंत्रण आलें. पति, पत्नी व कांहीं महिन्यांची मुलगी असे तिघे तेथें गेले. तेथील एकंदर रंगढंग पाहून त्यांच्या मनांत शंका आली; तीं तडक माघारीं फिरलीं आणि अमेरिकन वकिलातींत आश्रयास गेलीं. त्यांस उत्तर कोरियांत पळवून नेण्याचा हा डाव होता, असें पुढें उघडकीस आलें. ही शंका पोकळ नव्हती, हें पुढच्याच वर्षीं जगानें पाहिलें. १९७८ सालीं अभिनेत्री चोई उन-ही व दिग्दर्शक शिन सांग-ओक यांस हाँगकाँगमधून पळवून उत्तर कोरियांत नेण्यांत आलें, आणि त्यांची सुटका व्हावयास १९८६ साल उजाडलें.

या दोन हकीकती शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे मन विषण्ण होतें. एका संगीतकारास दक्षिणेच्या राज्यानें परदेशांतून पळविलें. दुसऱ्यास पळविण्याचा बेत उत्तरेकडील लोकांनीं केला. दोन्ही पक्षांस कलावंत हवा होता, तो त्याच्या कलेसाठीं खास नव्हे. आपल्या बाजूस एक नामांकित मनुष्य आहे हें मिरविण्यासाठीं, किंवा दुसऱ्या बाजूस तो मिळूं नये यासाठीं. अशा वेळीं कलावंतानें काय करावें? कांहीं जण एखादा झेंडा हातीं घेतात, आणि त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. यून इसांग यांनीं आपल्या देशाच्या ऐक्याविषयीं उघडपणें बोलणें पत्करलें; १९९५ सालीं ते बर्लिन येथेंच वारले, आणि त्यांच्या अस्थि तोंगयोंग या त्यांच्या गांवीं यावयास २०१८ साल उजाडावें लागलें. पैक यांनीं निराळा मार्ग धरला. झाग्रेबच्या प्रसंगाचें भांडवल करून त्यांनीं आपली कीर्ति वाढविली नाहीं. ते पुन्हां पियानोपाशीं जाऊन बसले.

त्या बसण्याचें सर्वांत मोठें फळ म्हणजे बेटहोव्हनचे सोनाटा. त्या महापुरुषानें १७९५ पासून १८२२ पर्यंतच्या काळांत असे ३२ सोनाटा लिहिले. पहिल्यांत तरुणाचा आवेश आहे; शेवटचे जेव्हां लिहिले तेव्हां तो पुरता बहिरा झाला होता. ते सर्व ध्वनिमुद्रित करण्याचें काम पैक यांनीं साठीच्या सुमारास हातीं घेतलें, आणि २००५ ते २००७ या काळांत तडीस नेलें. मग डिसेंबर २००७ मध्यें, आपल्या जन्मगांवीं सिओल येथें, त्यांनीं एका आठवड्यांत ते बत्तीसही वाजविले. जन्मभराचें काम सात दिवसांत मांडावयाचें, हें शरीरास आणि स्मरणशक्तीस केवढें कठीण आहे याची कल्पना कोणासही करतां येईल. दहा वर्षांनीं, सत्तरी उलटल्यावर, त्यांनीं तोच क्रम पुन्हां केला. एकदां साधलेली गोष्ट मनुष्य पुन्हां कां करतो? आम्हांस वाटतें, ती साधली असें त्यास वाटत नाहीं म्हणून.

आतां स्पर्धांविषयीं दोन शब्द. १९७४ सालीं चुंग म्युंग-व्हुन या कोरियन तरुणानें मॉस्कोच्या चायकॉव्हस्की स्पर्धेंत दुसरें पारितोषिक विभागून मिळविलें, तेव्हां सिओलच्या रस्त्यांतून मोटारीची मिरवणूक काढून त्याचें स्वागत झालें. रणांतून जिंकून आलेल्या वीरास जो मान द्यावा, तो एका पियानोवादकास मिळाला. २०१५ सालीं चो सॉंग-जिन यानें वॉर्सा येथील शोपां स्पर्धेंत पहिला क्रमांक पटकाविला. २०२२ सालीं इम युन-चान या १८ वर्षांच्या मुलानें फोर्ट वर्थची क्लायबर्न स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेच्या इतिहासांत इतक्या लहान वयाचा विजेता झाला नव्हता. यांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, इमचें सारें शिक्षण कोरियांतच, १९९३ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कलाविद्यापीठांत व मायदेशींच्या गुरूंपाशीं झालें होतें. हान तोंग-इल यास ज्या विद्येकरितां मायदेश सोडावा लागला, ती ६८ वर्षांनीं घरीं मिळूं लागली.

ही प्रगति लहानसहान नव्हे, आणि स्पर्धांस नांवें ठेवणें आमच्या मनांत नाहीं. खुद्द पैक यांसही पारितोषिकानेंच दार उघडून दिलें होतें. परंतु स्पर्धेचा निकाल एका संध्याकाळीं लागतो, आणि तेव्हां वादक विशीच्या आसपास असतो. त्यानंतर पन्नास वर्षें उरतात. त्या पन्नास वर्षांचें काय करावयाचें, हें कोणताही परीक्षक सांगूं शकत नाहीं. ज्या घरांतून मुलांस लहानपणापासून बक्षिसांची गोडी लावली जाते, त्या घरांतील वडील मंडळींनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा. आमच्याकडेही अशीं घरें थोडीं नाहींत.

पैक यांच्या त्या पन्नास वर्षांत घरचें दुःखही आलें. यून जंग-ही यांनीं २०१० सालच्या, ली चांग-डोंग दिग्दर्शित ‘कविता’ या चित्रपटांत एका वृद्धेची भूमिका केली. तिची स्मृति हळूहळू जात असते, आणि तरी एक कविता लिहावी अशी ओढ तिला लागलेली असते. त्या वृद्धेचें नांव मिजा; आणि चित्रपटांत येण्यापूर्वींचें यूनबाईंचें स्वतःचें नांवही तेंच होतें. पुढें त्याच विकारानें त्यांस ग्रासलें, ही गोष्ट २०१९ सालीं लोकांस कळली. १९ जानेवारी २०२३ रोजीं पॅरिसजवळ त्यांचें निधन झालें. ज्या वर्षीं ही वार्ता बाहेर आली, त्याच वर्षीं पैक यांच्या शोपांच्या ‘नॉक्टर्न’ या निशागीतांच्या मुद्रिका प्रसिद्ध झाल्या. पाठोपाठ शूमान, ग्रानादोस आणि २०२४ मध्यें मोझार्ट. दुःखानें संगीत थोर होतें, असें सरसकट म्हणणें खोटें आहे; दुःखानें हात थांबलेले कलावंतही पुष्कळ. येथें हात थांबले नाहींत, एवढेंच आम्ही नमूद करतों.

शेवटीं, ज्या गोष्टींसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती सांगतों. योनप्योंग हें पीतसमुद्रांतील एक चिमुकलें बेट, उत्तर कोरियाच्या किनाऱ्यापासून अवघें १२ किलोमीटरांच्या सुमारास. २३ नोव्हेंबर २०१० रोजीं उत्तरेकडून त्या बेटावर तोफांचा भडिमार झाला. दोन सैनिक व दोन नागरिक मरण पावले, घरें जळालीं, कोळ्यांचीं कुटुंबें बोटींत बसून पळालीं. पुढील वर्षीं, सप्टेंबर २०११ मध्यें, पैक त्या बेटावर गेले आणि परतलेल्या लोकांपुढें पियानो वाजविला. त्याच दौऱ्यांत ते विदो बेटावरही गेले. त्या बेटावरून निघालेली एक बोट १९९३ सालीं बुडून २९२ माणसें दगावलीं होतीं. १६ एप्रिल २०१४ रोजीं सेवोल नांवाची बोट जेजू बेटाकडे जात असतां बुडाली, आणि ३०४ जण मरण पावले. त्यांतील २५० जण सहलीस निघालेलीं एकाच शाळेंतील मुलें होतीं. त्या घटनेस शंभर दिवस झाले तेव्हां पैक जेजूच्या बंदरावर वाजवावयास बसले. तीं मुलें जेथें पोंचावयाचीं होतीं, तें हें बंदर.

योनप्योंगच्या त्या श्रोत्यांत मासे धरणारे होते, शेती करणारे होते. त्यांतील कित्येकांनीं असें वादन समोर बसून पूर्वीं कधीं ऐकलें नसेल. तेथें कोणी परीक्षक नव्हता. ज्या उत्तरेकडील लोकांनीं तोफा डागल्या, त्यांनींच ३४ वर्षांपूर्वीं या वादकास पळविण्याचा बेत केला होता. त्या किनाऱ्यासमोर बसून त्यानें त्यांस शाप दिला नाहीं. ज्यांचीं घरें जळालीं होतीं त्यांच्यासाठीं जें आपणांस येतें तें त्यानें केलें.

सामुनजिनच्या उतारावर हमालांनीं जी पेटी खांद्यावर घेतली, ती परक्यांच्या घरासाठीं होती. १११ वर्षांनीं तसेंच एक जड वाद्य समुद्रापलीकडच्या त्या बेटावर नेण्यांत आलें, तें तेथील लोकांसाठीं. भुताची पेटी कोरियाची केव्हां झाली, असें आम्हांस कोणीं विचारलें, तर वॉर्साच्या आणि फोर्ट वर्थच्या तारखांआधीं आम्ही त्या बेटावरील हा दिवस सांगूं.